मायबाप प्रेक्षक

मराठी रंगभूमीवर प्रेक्षकांस 'मायबाप' म्हणण्याची चाल फार जुनी आहे. समोर बसलेल्या मंडळींनाहि तो शब्द इतका अंगवळणीं पडलेला असतो कीं, आपणांस कोणी आईबाप म्हटलें म्हणजे आपल्या पदरीं एक लेंकरूं घातलें, ही गोष्ट कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. तिकिटाचे पैसे मोजले, खुर्चीवर बसलों, आवडलें तर टाळी दिली, न आवडलें तर जांभई दिली, इतक्यानें आपलें काम झालें असें आपण समजतों. आईबाप म्हणवून घेणें खरोखर इतकें स्वस्त आहे काय, याचा थोडा विचार आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा शब्द मुळांत दरबारचा. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवरा'चा खेळ केला, तो तेथील अधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें. त्या वेळीं मायबाप एकच होता आणि तो गादीवर बसलेला डोळ्यांना दिसत होता. १८५१ सालीं आप्पासाहेब निवर्तले, आश्रय सुटला, भाव्यांच्या मंडळीस गांवोगांव हिंडणें भाग पडलें, आणि १८५३ सालीं मुंबईस ग्रांट रोडवरील नाट्यगृहांत तिकिटें लावून त्यांचे खेळ झाले. मराठी नटाचा धनी बदलला तो येथें. राजाचें राजेपण तिकिटागणिक वांटलें गेलें. एका माणसाची मर्जी सांभाळणें कठीण खरें, पण ती कळण्याजोगी तरी असते. येथें वकील, कारकून, पेढीवाले, विद्यार्थी असे नाना तऱ्हेचे धनी एकाच छपराखालीं बसले, आणि प्रत्येकाची आवड निराळी.

ही अडचण भरतमुनींना पूर्ण ठाऊक होती. नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय त्यांनीं 'सिद्धि', म्हणजे प्रयोगाचें यश, या एकाच विषयास वाहिला आहे. आणि तें यश कोठें पाहावयाचें, तर रंगमंचावर नव्हे, समोरच्या मंडळींत! तरुणास शृंगार रुचतो, शूरास युद्ध रुचतें, वृद्धास पुराणकथा रुचतात, विरक्तास मोक्षाची वार्ता रुचते, असें सांगून मुनि म्हणतात कीं, सर्व गुण एकाच प्रेक्षकाच्या ठायीं असण्याचा संभव नाहीं. म्हणून निवाड्याचा प्रसंग आल्यास त्यांनीं दहा प्राश्निक, म्हणजे परीक्षक, नेमावयास सांगितले आहेत. यज्ञाचा देखावा असेल तर याज्ञिकास विचारा, शस्त्रविद्येचा असेल तर धनुर्धरास विचारा, वेषभूषेविषयीं चित्रकारास, शब्दांविषयीं वैयाकरणास. आमच्याकडे मात्र एकच गृहस्थ मध्यंतरांत चहाचा पेला हातीं धरून या दहाहि जणांचीं कामें उरकतो, ही गोष्ट वाचकांनीं पाहिलेली असेलच.

पुढें मुनींनीं सिद्धीचे दोन प्रकार केले आहेत, मानुषी आणि दैवी. मानुषी सिद्धि कानांना ऐकूं येते आणि डोळ्यांना दिसते. प्रेक्षकांचें स्मित, अर्धवट हंसू, खदखदून हंसणें, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' हे उद्गार. तसेंच अंगावर येणारे रोमांच, आसनावरून उठून उभें राहणें, नटाकडे वस्त्रें आणि अंगठ्या टाकणें, हीं सारीं त्या सिद्धीचीं चिन्हें. आजच्या आमच्या नाट्यगृहांतून यांतील वस्त्रें व अंगठ्या तेवढ्या नाहींशा झाल्या आहेत, बाकी सर्व जसेंच्या तसें आहे. दैवी सिद्धीचें लक्षण मात्र ऐकण्याजोगें आहे: रंगगृह पूर्ण भरलेलें असावें आणि तरी तेथें शब्द नसावा, क्षोभ नसावा, कसलाहि उत्पात नसावा. भरलेल्या घराची ती निःशब्दता मुनींनीं मनुष्याच्या पदरीं न घालतां देवांच्या पदरीं घातली, यांतच तिची दुर्मिळता आली.

याच अध्यायांत प्रयोगाचे 'घात' सांगितले आहेत. कांहीं दैवाचे, जसे वादळ, आग, पाऊस; कांहीं नटाच्या स्वतःच्या चुकांचे; आणि कांहीं शत्रूकडून होणारे. हे शत्रु मत्सरानें येऊन भलत्या जागीं मोठमोठ्यानें हंसतात, आरडाओरड करतात, शेण आणि ढेंकळें फेंकतात, आणि मुंग्याहि सोडतात! ज्या ऋषीनें रसाची मीमांसा केली त्यानेंच मुंग्यांचाहि विचार केला, म्हणून आम्हांस हा ग्रंथ पोथींतला न वाटतां नाटकमंडळीच्या बिऱ्हाडांत बसून लिहिलेला वाटतो.

कालिदासानें तर ही गोष्ट प्रस्तावनेंतच करून दाखविली आहे. 'शाकुंतला'च्या आरंभीं नटी ग्रीष्मऋतूचें गीत गाते आणि सूत्रधार म्हणतो कीं, सारी सभा चित्रांत काढल्यासारखी स्तब्ध झाली आहे. इतकें म्हणून तो विचारतो, तर मग आतां आपण कोणतें नाटक करावयाचें? तें तर मघांच ठरलें होतें. पण गाणें ऐकतां ऐकतां सूत्रधार स्वतःच प्रेक्षक झाला आणि आपलें काम विसरला. विद्यार्थ्यांस हा भाग शिकवितांना आम्ही नेहमीं थोडे थांबत असूं. नट आणि प्रेक्षक यांच्यामधली भिंत किती पातळ आहे हें याहून थोडक्यांत सांगतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

मराठी प्रेक्षकांनीं आपलें मायबापपण गाजविलें तें मात्र या स्तब्धतेनें नव्हे, 'वन्स मोअर'च्या गर्जनेनें. शब्द इंग्रजी, पण गंमत अशी कीं, इंग्रज स्वतः आपल्या नाट्यगृहांत या कामीं 'आंकोर' हा फ्रेंच शब्द वापरतो. त्याचा स्वभाषेंतील शब्द त्यानें टाकला आणि आम्हीं उचलला! अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास 'संगीत शाकुंतल' आणि १८८२ सालीं 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आणलें. त्यांनीं घेतलेल्या साक्या, दिंड्या, अंजनीगीतें हीं कांहीं नवीं नव्हतीं. कीर्तनांत बुवांच्या तोंडून ऐकून तीं घरोघरीं पाठ होतीं. माजघरांत, देवघरांत गुणगुणलीं जात होतीं. म्हणजे नट गाऊं लागला तेव्हां प्रेक्षकाच्या घरचेंच धन त्यानें जरीकांठ लावून त्याला परत दिलें. 'पुन्हां एकदां द्या' असें म्हणण्याचा धीर त्याला झाला तो या ओळखीमुळें, असें आमचें मत आहे. परक्याच्या घरीं कोणी दुसऱ्यांदा वाढा म्हणत नाहीं.

पुढें ही देवघेव उलट बाजूनेंहि सुरू झाली. १९११ सालच्या 'मानापमाना'स गोविंदराव टेंबे यांनीं चाली दिल्या, १९१६ सालच्या 'स्वयंवरा'स भास्करबुवा बखले यांनीं. ज्यांनीं उभ्या जन्मांत गवयाची बैठक पाहिली नव्हती अशा हजारों लोकांच्या कानांवर रागदारी पडली ती या पदांवाटे. आमच्या आजोबांना सरगम लिहितां येत नव्हती. परंतु एखादा राग कानीं पडतांच तो कोणत्या पदाचा भाऊ आहे हें ते अचूक सांगत. रात्रीं नऊला सुरू झालेला खेळ पहांटे संपावा, तेथूनच घरीं येऊन स्नान करावें आणि कचेरीची वाट धरावी, असे दिवस त्यांनीं काढले होते. घरांत आजीची कुरकुर असे, पण पुढल्या खेळास डबा भरून द्यावयासहि तीच असे. प्रेक्षकांनीं नटाला पोसलें हें खरें. पण नटांनींहि प्रेक्षक घडविला, आणि तो शाळेंतल्या आम्हां लोकांपेक्षां पुष्कळ चांगला घडविला, हें सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

या सगळ्या व्यवहाराचा कळस म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात् बालगंधर्व. १८८८ सालीं जन्मलेल्या या पुरुषानें किर्लोस्कर मंडळींत १९०५ सालीं पाऊल टाकलें आणि भामिनी, रुक्मिणी, सिंधु या भूमिकांनीं महाराष्ट्रास वेड लावलें. आम्हांस त्यांचें दर्शन घडलें नाहीं; ग्रामोफोनच्या तबकड्या तेवढ्या ऐकल्या. तबकडींत पद तीन-साडेतीन मिनिटांत आटोपतें आणि सुई उचलून ठेविली कीं तेंच पद, त्याच ताना, अक्षरशः तेंच परत येतें. ज्यांनीं प्रत्यक्ष ऐकलें ते सांगत कीं, रंगभूमीवर असें होत नसे. दुसऱ्या खेपेस पद निराळें होई, तिसऱ्या खेपेस आणखी निराळें. 'वन्स मोअर' देणारा जुनेंच मागतो आणि त्याला नवें मिळतें, असा हा विलक्षण सौदा होता.

'मानापमाना'चा पहिला प्रयोग १९११ च्या मार्चमध्यें मुंबईस व्हावयाचा होता, त्याच दिवशीं नारायणरावांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग झाला आणि ते भामिनी होऊन उभे राहिले. हा प्रसंग आपल्याकडे मोठ्या कौतुकानें सांगतात आणि ऐकणारा मान डोलवितो. आम्ही मात्र त्या रात्रीं समोर बसलेल्या मायबापांचा विचार करतों. त्यांतील ज्यांना ही वार्ता ठाऊक नव्हती त्यांचा प्रश्न नाहीं. ज्यांच्या कानीं ती असेल त्यांनीं त्या रात्रीं 'वन्स मोअर' म्हटलें असेल काय? म्हटलें असल्यास तें निर्दयपणाचें म्हणावयाचें, कीं त्या शोकग्रस्त पित्याला सांवरून धरणारा हात म्हणावयाचें? आमच्या घरांत हा वाद आजहि निघतो. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, त्या रात्रीं गाणें हेंच त्यांचें रडणें होतें, म्हणून जितकें गाऊं दिलें तितकें बरें. आम्हांस अजून तें पटलेलें नाहीं.

पुढील वर्षांत या लोभाला सीमा राहिली नाहीं. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठीं गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श यांनीं मिळून 'संयुक्त मानापमान' केलें. धैर्यधर केशवराव भोसले आणि भामिनी बालगंधर्व. एरवीं परस्परांच्या स्पर्धेंत असलेल्या दोन मंडळ्या आणि दोन बाजूंचे कट्टे रसिक त्या रात्रीं एका छपराखालीं आले. तीन महिन्यांच्या आंतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. बालगंधर्वांनीं मायबापांच्या डोळ्यांना व कानांना उणें पडूं नये म्हणून खरे शालू, उंची अत्तरें, तबल्यास अहमदजान थिरकवा, सारंगीस कादरबक्ष असा थाट मांडला, आणि लाखांच्या घरांतलें कर्ज डोक्यावर घेतलें. तें त्यांनीं पुढें प्रयोग करकरून फेडलें. नटानें पुत्रधर्म पाळला, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं.

आईबापांचें काय? लाडानें मूल बिघडतें हें आम्ही घरोघरीं सांगतों. तेंच येथें घडलें, असें आम्हांस स्पष्ट म्हणावयाचें आहे. खाडिलकरांनीं, गडकऱ्यांनीं रचलेला प्रसंग पदापाशीं येऊन तासतासभर थबकूं लागला. 'एकच प्याल्या'तली सिंधु दारिद्र्यानें गांजलेली, फाटकें नेसलेली. तिचें दुःख पाहून गहिंवरलेला गृहस्थच पद संपतांच तेंच दुःख तिनें आणखी दोनदां भोगावें म्हणून ओरडूं लागला. कोणीं तरी 'आतां पुढें चला' म्हणावयास हवें होतें. नटानें तें कसें म्हणावें? तो तर मायबाप म्हणून हात जोडून उभा. तें म्हणण्याचा अधिकार आणि कर्तव्य समोरच्यांचें होतें, आणि भरताचे दहा प्राश्निक त्या वेळीं कोठें झोंपले होते कोण जाणे.

बरें, एवढें प्रेम होतें तर तें टिकलें काय? १९३२ सालीं मराठी बोलपट आला. अडीच-तीन तासांत गोष्ट पुरी, तिकीट स्वस्त, गाणीं त्यांतहि. ज्या मायबापांनीं नटाला पहांटेपर्यंत सोडलें नव्हतें तेच कांहीं वर्षांत पाठ फिरवून पलीकडल्या दारांतून आंत गेले. एकामागून एक मंडळ्या बुडाल्या. बालगंधर्वहि १९३५ सालीं प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' चित्रपटांत उभे राहिले. भूमिका संत एकनाथांची. ज्या गळ्यानें समोरचे डोळे पाहून तान फिरवावयाची त्याच्यासमोर आतां एक यंत्र होतें. यंत्र 'वाहवा' म्हणत नाहीं, हुंदका देत नाहीं, आणि चुकलें तर खुशाल 'पुन्हां एकदां' म्हणावयास लावतें. हाहि एक 'वन्स मोअर'च, पण प्रेमाचा नव्हे. त्या एका चित्रपटानंतर प्रभातशीं त्यांचा संबंध संपला आणि ते रंगभूमीकडे परतले. तेथें जुनीं माणसें म्हातारपणींहि त्यांचें गाणें ऐकावयास येत आणि, असें सांगतात, डोळे मिटून बसत. त्या मिटलेल्या डोळ्यांत दया किती आणि भक्ति किती, याचा निवाडा आम्हांकडून होत नाहीं.

गाण्याच्या नाटकांचें एवढें झालें. गद्य नटाचाहि धंदा समोरच्यांवांचून चालत नाहीं, फक्त तेथील देवघेव सूक्ष्म असते. नाटकवाल्यांत 'हंशा घेणें' असा एक शब्दप्रयोग आहे. विनोदी वाक्य बोलल्यावर हंशाची लाट उठूं द्यावयाची, ती उतरणीस लागली कीं पुढलें वाक्य टाकावयाचें. आधीं टाकलें तर वाक्य बुडतें, उशिरां टाकलें तर सभा थंड होते. ही लाट रोज सारखी नसते. रविवारच्या दुपारीं जेवून आलेली मंडळी सावकाश हंसतात. रात्रीच्या खेळास तरुण मंडळी वाक्य पुरें होण्यापूर्वींच हंसतात. म्हणून अनुभवी नट पहिलीं चार-पांच मिनिटें बोलत असला तरी खरोखर ऐकत असतो. २०२० च्या मार्चमध्यें महामारीनें नाट्यगृहें मिटलीं, मध्यें कांहीं महिने उघडलीं, पुन्हां मिटलीं, आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून पुन्हां चालूं झालीं. त्या काळांत कांहींनीं घरबसल्या दिसतील असे प्रयोग करून पाहिले. आम्हींहि नातवाच्या मदतीनें एक पाहिला. नट जाणता होता. विनोदाच्या जागीं तो थांबे, आणि त्या रिकाम्या थांबण्यांत आमच्या घरांतल्या पंख्याचा आवाज ऐकूं येई.

तमाशांतील दौलतजादा, कीर्तनांतील आरतीचें ताट, बैठकींतील मान हलविणें, या सर्वांतून हीच देवघेव चालते. त्यांचा विस्तार येथें करीत नाहीं. फक्त कीर्तनाची एक युक्ति सांगण्याजोगी आहे. श्रोते पेंगूं लागले असें दिसतांच बुवा मध्येंच नामघोष करवितात. सर्वांनीं टाळी वाजवावयाची, तोंडानें नाम घ्यावयाचें. झोंपलेल्याला उठविण्याऐवजीं त्यालाच गावयास लावावयाचें, हा उपाय नाटकवाल्यांना साधला नाहीं.

शाळेंत असतांना संमेलनाचीं नाटकें बसविण्याचें काम आमच्याकडे पुष्कळ वर्षें होतें. एके वर्षीं ध्रुवाचें काम करणारा दहा-अकरा वर्षांचा मुलगा ऐन प्रसंगांत वाक्य विसरला. कोणी हंसलें नाहीं. सारें पटांगण श्वास धरून बसलें. तेवढ्यांत पुढल्या ओळींत बसलेल्या त्याच्या आजीचे ओंठ हललेले आम्हीं विंगेंतून पाहिले. महिनाभर घरीं चाललेल्या पाठांतरानें ती सारी संहिता म्हातारीला मुखोद्गत झाली होती. मुलानें तिकडे पाहिलें, त्याला शब्द सांपडला, आणि त्या एका वाक्यावर त्याला जी टाळी मिळाली ती पुढें बक्षिसालाहि मिळाली नाहीं. आमच्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत असाच एक मुलगा असाच अडखळला. त्यानेंहि पुढें पाहिलें. परंतु पहिल्या तीन ओळींत एकहि तोंड दिसत नव्हतें. प्रत्येक आईबापानें आपला मोबाइल चेहऱ्यापुढें उभा धरला होता. मुलाला दिसल्या त्या उजळलेल्या काचा. तो क्षणभर उभा राहिला आणि आंत पळाला. त्या घरांतून तें चित्रण पुढें कोणी पुन्हां पाहिलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. येथें आईबाप हा शब्द अलंकारिक नव्हता, म्हणून तो प्रसंग आमच्या मनांतून जात नाहीं.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ सालीं खुद्द बालगंधर्वांच्या हस्तें बसली. मंदिर उघडलें तें २६ जून १९६८ रोजीं, त्यांच्या जन्मतिथीस. तोंवर, १५ जुलै १९६७ रोजीं, ते जाऊन वर्ष होत आलें होतें. आंत गोपाळ देऊसकरांनीं रंगविलेलीं त्यांचीं दोन चित्रें आहेत, एक पुरुषवेषांतलें आणि एक स्त्रीवेषांतलें. मागें एकदां सहकुटुंब गेलों असतां आमच्या सुनबाईंनीं धाकट्या नातीला त्या चित्रांपुढें उभी केली आणि विचारलें, यांत बाई कोणती नि बुवा कोणता? नात बराच वेळ पाहत राहिली. इतक्यांत तिसरी घंटा झाली, बटाटेवड्याचे कागद हातांत घेऊन लोक दारांतून आंत घुसूं लागले, आणि आम्हीहि त्यांच्याबरोबर आपल्या खुर्च्या शोधूं लागलों.